कोरड्या तोंडानं

प्रेरणा स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात आली होती. एका हातानं पदर सावरत, दुसऱ्या हातानं नवऱ्याचा दंड धरून, पण चालत. समताला पुढे बरेच दिवस तेच आठवत राहिलं.

ऑगस्ट संपत आला होता. सोयाबीन शेंगांवर आलं होतं आणि ग्रामीण रुग्णालयात तापाची माणसं सकाळी सातपासूनच ओट्यावर येऊन बसत. समता सकाळपाळीला होती. बारा वर्षं तिनं सिस्टर म्हणून काढली होती. त्यातली आठ याच जिल्ह्यात, या उंद्री गावाजवळच्या दवाखान्यात. रुग्ण दारातून आत येईपर्यंत त्याच्याकडे नुसतं बघत राहायचं, ही तिची सवय. त्या दिवशी तिनं पाहिलं, की या बाईनं मान मागे टाकली आहे आणि ती पापण्यांच्या फटीतून रस्ता शोधते आहे.

"पहाटपासून पोट दुखते म्हणते," नवरा म्हणाला. त्याचं नाव शालिग्राम. "अ‍ॅसिडिटीची गोळी देल्ली. मंग म्हणे घसा दुखते. आता म्हणते डोयेच उघडत नाहीत."

"रात्री झोपली कुठं होती?"

"खालीच, चटईवर. गरम होते म्हणून."

"प्रेरणा, वर पाह्य. छताकडे."

प्रेरणाच्या कपाळावर आठ्या पडल्या. पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

समतानं तिला खाटेवर निजवलं आणि हात, पाय, मान, कानामागची जागा तपासली. कुठंही दंशाची खूण नव्हती. नसणारच, हे तिला ठाऊक होतं. मण्यार चावते तेव्हा सुई टोचल्याएवढंही दुखत नाही. झोपलेलं माणूस कूस बदलतं आणि पुन्हा झोपतं.

गजेंद्र डॉक्टर केस विंचरत आले. वय पंचवीस, पदवी हातात घेऊन चार महिने झालेले. पापण्या पाहिल्यावर त्यांनी कंगवा खिशात घातला. पुढच्या दहा मिनिटांत सलाईन लागलं, विषावरचं औषध सुरू झालं, प्राणवायू लागला. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात फोन करून श्वासाच्या यंत्राची खाट मागून ठेवली. अ‍ॅम्ब्युलन्स मात्र एका बाळंतिणीला घेऊन बुलडाण्याला गेली होती. परत यायला दीड तास, कदाचित पावणेदोन.

"तेवढा वेळ आहे का आपल्याकडे?" समतानं हळूच विचारलं.

"तिलाच विचारू," डॉक्टर म्हणाले आणि प्रेरणाकडे वळले. "एका दमात आकडे म्हणा बरं."

प्रेरणा सातपर्यंत गेली. आवाज नाकातून येत होता. अर्ध्या तासानं ती चारपर्यंत गेली. नऊ वाजून वीस मिनिटांनी ती "एक" म्हणाली आणि लाळ ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर उतरली. ती तिला गिळता येत नव्हती.

त्यानंतर छाती हलायची थांबली.

डॉक्टरांनी दोनदा नळी घालायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी नळी अन्ननलिकेत गेली, पोटात गुडगुडलं, त्यांनी ताबडतोब काढली. दुसऱ्या वेळी घशात लाळेचं तळं साचलेलं. ती ओढायचं मशीन घरघर करायचं आणि ओढायचं कमी.  समतानं मुखवटा प्रेरणाच्या नाकातोंडावर दाबला, जबडा वर उचलला आणि म्हणाली, "सर, बॅगनं हवा आत जातेय. छाती वर येतेय बघा. मशीन ऑक्सिजन शहाण्णव दाखवतंय."

"मग नळीच्या मागे नको लागायला," डॉक्टर म्हणाले. "हेच चालू ठेवू. अ‍ॅम्ब्युलन्सचे डॉक्टर आल्यावर घालतील." तो निर्णय बरोबर होता. समतानं नंतर दहा वेळा तपासून पाहिला, तरी तो बरोबरच निघाला.

हे काम म्हटलं तर सोपं. रबराचा एक फुगा, त्याला मुखवटा. एकानं मुखवटा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा, दुसऱ्यानं फुगा दाबायचा, सोडायचा, मनात चार मोजायचे, पुन्हा दाबायचा. थांबायचं नाही, एवढंच. आणि तेच सगळ्यात अवघड. कारण तिथं होती समता, डॉक्टर, एक शिपाई, शेजारच्या खोलीत बाळंत होणाऱ्या बाईपाशी एक आया, आणि ओट्यावर ऐंशी माणसं.

समतानं शालिग्रामला विचारलं, "गावातून कोण कोण आलं?"

दोन गाड्या भरून आले होते. त्यांत हिंमतराव होते. गावच्या सप्ताहात वीणेच्या पहाऱ्यांची यादी तेच लावत. सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. समतानं फुगा कसा दाबायचा ते दाखवलं, तेव्हा त्यांनी दोनदा दाबून पाहिला आणि मागं वळून बोटांवर मोजत नावं घेतली.

"दहा-दहा मिनिटाचा पहारा. पंजाबराव, मंग मी, मंग प्रेमानंद. आणि पंजाबराव, तुमी तमाखू थुकून या अगोदर. हे काही बैल पाजणं नोहे."

"तुमी काऊन नाही अगोदर?"

"मी यादी करून राह्यलो ना!"

खाटेभोवती कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. समता म्हणाली, "हसा. बोला. तिले सगळं ऐकू येते."

खोलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघायला लागली. प्रेरणा मेल्यासारखी पडली होती. डोळे मिटलेले, अंग सैल, श्वास दुसऱ्याच्या हातात. समतानं तिच्या कानाशी तोंड नेलं. "प्रेरणा, ऐकू येत असन तर अंगठा हालव."

उजव्या हाताचा अंगठा चादरीवर जरासा सरकला.

खाटेच्या पायथ्याशी उभी असलेली म्हातारी तेव्हा खाटेची कड धरत पुढं सरकली. ती सत्यभामाबाई, प्रेरणाची सासू.  ती उशाशी आली आणि सुनेच्या कपाळावर हात ठेवून बोलायला लागली. "पोरी, तुई लेक कस्तुरी घरी शेजारच्या मंजुश्रीपाशी हाय. जेवली ती. दूधभाकर खाल्ली. कारल्याच्या भाजीत तू गूळ घालते, त्याले मी नावं ठेवो. ते मले आवडे व. पण सांगाव कसं म्हणून नावं ठेवो. ऐकते ना? आता घाल गूळ. पाह्यजे तेवढा घाल."

समताला मुखवटा धरलेल्या हातांखाली प्रेरणाच्या गालाची उष्णता जाणवत होती. दाबा, सोडा. छाती वर, छाती खाली. पहारे बदलत होते. शालिग्रामला तिनं मुखवटा धरायला शिकवलं होतं, कारण तिचे अंगठे बधिर झाले होते. तो चांगला धरायचा. दुधाची धार काढणारे हात होते ते.

दहा वाजून एकवीस मिनिटांनी शेजारच्या खोलीतून आया ओरडली, की बाळाचं डोकं दिसतंय. डॉक्टर मोबाइलला रेंज मिळावी म्हणून फाटकाशी उभे राहून गाडीला झालेल्या उशिराबद्दल अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याशी बोलत होते. समतानं शालिग्रामकडे पाहिलं. "मी चार मिनिटांत येते. मुखवटा सोडायचा नाही. हे मशीन ओरडलं तर मले हाक मारायची."

शालिग्रामनं मान हलवली.

तिनं त्यांना सगळं सांगितलं होतं. किती दाबायचं, किती मोजायचं, जबडा कुठं धरायचा. एक गोष्ट सांगितली नव्हती, कारण ज्याचा श्वास थांबला आहे त्याच्या तोंडात कुणी काही घालेल, हे तिच्या डोक्यात आलं नाही. यायला पाहिजे होतं. तिच्या स्वतःच्या घरी, पिंपळगाव राजाला, आजोबा गेले तेव्हा तिच्या वडिलांनी, नागसेन गुरुजींनी, चमच्यानं त्यांच्या ओठांत पाणी घातलं होतं. तेव्हा समता अकरा वर्षांची होती आणि पाण्याचा तांब्या तिनंच धरला होता.

ती परत आली तेव्हा दहा पंचवीस झाले होते. हिंमतरावांचा पहारा संपला होता आणि पुढचा माणूस चहाला गेला म्हणून ते त्याला शोधायला बाहेर पडले होते. तेवढ्यापुरता फुगा सत्यभामाबाईच्या हातात होता. खोलीत आई आणि मुलगा दोघंच. शालिग्रामनं मुखवटा दोन्ही हातांनी प्रेरणाच्या चेहऱ्यावर वीतभर उंच धरला होता. आईनं फुगा काखेत धरला होता, डाव्या हातात स्टीलचा पेला, उजव्यात चमचा. चमचा ओठांच्या आत होता. शालिग्राम रडत होता.

मशीन अठ्ठ्याऐंशी दाखवत होतं.

समता ओरडली नाही. तिनं चमचा बाजूला केला, प्रेरणाची मान कुशीवर वळवली, घरघरणाऱ्या नळीनं तोंडातलं निघेल तेवढं ओढून काढलं, मुखवटा बसवला, फुगा हातात घेतला. दहा श्वासांत आकडा त्र्याण्णववर आला. मग तिनं विचारलं, "किती चमचे?"

"तीन," सत्यभामाबाई म्हणाली. "ओठ पांढरे पडले होते व माय तिचे. डाक्टर फोनवर मान हालवत होता, तवाच मी समजली. कोरड्या तोंडानं कसं जाऊ देऊ तिले?"

"आता नका घालू काही," समता एवढंच म्हणाली.

अकरा वाजता अ‍ॅम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या डॉक्टरांनी पहिल्याच प्रयत्नात नळी घातली. गाडी निघताना हिंमतराव ड्रायव्हरच्या शेजारी बसले आणि गावकऱ्यांनी हात जोडले. समतानं कागदावर वेळा लिहिल्या. औषध आठ अठ्ठावीस. श्वास थांबला नऊ वीस. नळीचे दोन प्रयत्न, दोन्ही निष्फळ. दहा पंचवीसपुढं तिनं लिहिलं: तोंड साफ केलं. पेन कागदावर टेकवून ती थोडा वेळ थांबली आणि मग पुढची ओळ लिहायला घेतली.

डॉक्टरांना तिनं त्याच दुपारी सांगितलं. ते टेबलाशी डोकं धरून बसले होते. "लाळ पण गेली असेल आत," ते म्हणाले. "माझ्या नळीनं पोटात हवा भरली, त्यानं पोटातलं वर आलं असेल. तीन चमचे पाणी. कशानं काय होईल, कोण सांगणार? आणि अजून काही झालेलं नाही."

तिसऱ्या दिवशी प्रेरणानं डोळे उघडले. शालिग्रामनं फोन लावला. हिंमतरावांनी फोन हिसकावून घेतला. "सिस्टर, डोये उघडले! कागदावर पोरीचं नाव लिवलं!" पाचव्या दिवशी ताप चढला. उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग एक्स-रेत पांढरा दिसत होता. नवव्या दिवशी, सकाळी, ती गेली.

तेरवी झाल्यावर सत्यभामाबाई दवाखान्यात आली. एकटीच, एसटीनं. ओट्यावर गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिली आणि मग समताजवळ आली.

"एकच इचारायचं होतं. तू म्हटलं होतं, तिले ऐकू येते."

"हो, आजी."

"मंग तिले समजलं असन ना, का मायच्या हातचं पाणी होतं ते? मी तिले कधी पोरगी म्हटलं नाही. त्या दिवशी म्हटलं. पोचलं ना ते?"

समताच्या समोर केसपेपरांचा गठ्ठा होता. तिनं तो नीट केला. कडा जुळवल्या.

"पोचलं," ती म्हणाली.

सत्यभामाबाईनं डोळे पुसले आणि तिच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. "तेवढंच हाय आता मायाजवय," ती म्हणाली. समतानं तिला फाटकापर्यंत सोडलं.

ती दयाच होती. समतानं तिला दुसरं नाव दिलं नाही. एवढं सोडलं तर म्हातारीजवळ काय उरलं होतं? आई गेलेली एक चार वर्षांची नात, आणि न बोलता शेतात जाणारा-येणारा मुलगा.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढणी सुरू होती. एका दुपारी त्याच गावाहून अर्जुनरावांना आणलं. गंजी लावताना पेंढीखाली हात गेला होता. मनगटावर दोन ठिपके स्पष्ट, पापण्या उतरायला लागलेल्या. वेळ फार गेला नव्हता. समतानं त्यांना कुशीवर घेतलं तेव्हा तिच्या हाताला शर्टाची कॉलर लागली. ती ओली होती. अर्जुनराव खोकत होते. घसा घरघरत होता.

"हे ओलं कशानं?"

त्यांची बायको आशाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून उभी होती. "पाणी पाजलं. गाडीत बसोयच्या अगोदर."

"काऊन?"

"सत्यभामाबाईनं सांगितलं. ती आली होती ना धावत. म्हणे, मायी सून पाणी पेऊन गेली, सिस्टरनं सोता सांगितलं का तिले पोचलं. माणूस कोरड्या तोंडानं जाऊ देऊ नका. आता गावात कोणाचं काही झालं का तिलेच बलावतात. देवमाणूस हाय."

अर्जुनरावांना अजून खोकता येत होतं, म्हणून ते वाचले. अ‍ॅम्ब्युलन्स अर्ध्या तासात आली आणि आठव्या दिवशी ते घरी परतले. पण त्या दुपारी हात धुताना समता नळ बंद करायचं विसरली. सिस्टरनं स्वतः सांगितलं. तिनं एका म्हातारीला एक शब्द दिला होता, आणि तो शब्द घरोघर चमच्यानं पाजला जात होता.

रविवारी सुटी होती. ती स्कूटीवर गावात गेली.

सत्यभामाबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा निवडत होती. नात शेजारी बसून रिकाम्या टरफलांची रांग लावत होती. म्हातारीनं नातीला मंजुश्रीकडे पाठवलं, चहा टाकला, समताला बाजेवर बसवलं आणि स्वतः खाली बसली. समता बाजेवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

कसं सांगायचं, हे तिनं वाटेत ठरवलं होतं. प्रत्यक्षात सगळं वेगळ्याच क्रमानं निघालं.

"आजी, मण्यारीच्या इषानं गिळता येत नाही. खोकताबी येत नाही. तोंडात घातलं ते पोटात जात नाही, श्वासाच्या नळीत उतरते. वरून आपण हवा दाबतो, तिच्यासंगं ते फुप्फुसात जाते. मंग तिथं सडते. ताप येते."

सत्यभामाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"प्रेरणाले ताप आला होता," ती म्हणाली.

"हो."

"मायानं."

"इषानं गेली ती, आजी. लाळ होती, नळी लागली नव्हती, पोटात हवा गेली होती. पाण्यानं किती, ते मले सांगता येत नाही. मोठ्या डॉक्टरलेबी येणार नाही. पण काहीच नाही, असं मी म्हणू शकत नाही. आणि मी तुमाले आधी सांगायले पाह्यजे होतं, तोंडात काही घालू नका म्हणून. ते मी सांगितलं नाही."

"हो," सत्यभामाबाई म्हणाली. "सांगायले पाह्यजे होतं तू."

समतानं मान खाली घातली. चुलीवर चहा उतू गेला. दोघीही उठल्या नाहीत.

म्हातारीनं हातातली शेंग सुपात टाकली. "तिले ऐकू येत होतं. म्हंजे तिले समजत होतं. पाणी भलतीकडं जाऊन राह्यलं, ते तिले समजत होतं. आणि खोकता येत नव्हतं."

समताला यावर काहीतरी म्हणायचं होतं. अंगात एवढं विष असताना किती जाणवतं, याबद्दल पुस्तकात काय लिहिलंय, ते. पण तो अंगठा तिनं स्वतः हलताना पाहिला होता.

"असन," ती म्हणाली.

सत्यभामाबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. ती रडली नाही. तिनं घराच्या दाराकडे पाहिलं. आत शालिग्रामची पायताणं दिसत होती. तो अनवाणीच शेतात गेला होता.

"त्यानं ते तोंडावरचं झाकण उचललं होतं," ती हळूच म्हणाली. "नाही म्हणत होता. म्हणे, सिस्टरनं सोडू नोको म्हटलं. मी म्हटलं, बायको मरून राह्यली, दोन घोट पाजू देत नाही, कसा नवरा होय तू? तवा उचललं त्यानं."

"मी पाह्यलं, आजी."

"तू कोणाले सांगितलं?"

"पाण्याचं डॉक्टरले सांगितलं. त्यानं उचलला, हे कोणालेच नाही."

"मंग ऐक." म्हातारीनं तिचं मनगट पकडलं. "गावाले सांग. मायं नाव घेऊन सांग. सत्यभामानं पाणी पाजलं आणि सून गेली, असं सांग. नाही तं माया तोंडचं ऐकून हे अजून पाजतीन. पण झाकण मीच उचललं, असं सांगजो. एका हातानं उचललं, एका हातानं पाजलं. तो पोरगा जगला पाह्यजे. त्याले लेकरू हाय."

समता बारा वर्षं वेळा लिहीत आली होती. आठ अठ्ठावीस, नऊ वीस, दहा पंचवीस. जे झालं ते लिहायचं, जे झालं नाही ते लिहायचं नाही. एकदा तिनं पाण्याची ओळ गाळली होती, कागदावरही आणि म्हातारीपाशीही, आणि ती गाळलेली ओळ अर्जुनरावांच्या कॉलरपर्यंत पोचली होती. आता ही बाई तिच्याकडे दुसरी ओळ मागत होती.

"बरं," ती म्हणाली.

हिंमतरावांनी चार वाजता शाळेच्या ओट्यावर माणसं जमवली. बाया पुढं, माणसं मागं, अर्जुनराव खुर्चीवर. समतानं मण्यारीबद्दल सांगितलं, पापण्यांबद्दल, पहाटेच्या पोटदुखीबद्दल. मग तिनं पाण्याचं सांगितलं. नाव घेऊन सांगितलं. सत्यभामाबाई पहिल्या रांगेत ताठ बसली होती आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. बायांच्या माना तिच्याकडे वळल्या, आणि मग एकेक करून जमिनीकडे.

"मुखवटा काढला की हवा थांबते," समता म्हणाली. "आजीनं तो उचलला आणि—"

"नाही." मागून आवाज आला. शालिग्राम शेतातून तसाच आला होता, गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. तो खांबाला धरून उभा होता. "मुखवटा म्या—"

"तू गप बस बे!" सत्यभामाबाई वळलीसुद्धा नाही. "तुले काय आठोते? तू तं भितीकडं तोंड करून रडत होता!"

"माय, म्या—"

"रडत होता म्हटलं ना!"

 हिंमतरावांनी घसा खाकरला. "सिस्टर, तुमी होत्या ना तवा खोलीत?"

शालिग्राम तिच्याकडे बघत होता. त्यानं उचललेला मुखवटा तिनं पाहिला होता, हे त्याला माहीत होतं. म्हातारी समोर बघत होती, ओठ घट्ट मिटून.

"होती," समता म्हणाली. "आजीनंच उचलला."

ती ताबडतोब पुढच्या गोष्टीकडे वळली, कारण थांबली असती तर तिला बोलता आलं नसतं. गाडी येईपर्यंत माणसाला कुशीवर कसं ठेवायचं, ते दाखवायचं होतं. तिनं सतरंजी पसरली आणि म्हणाली, कुणीतरी इथं झोपा. कुणी उठेना. धडधाकट माणसानं मेल्यासारखं पडून दाखवायचं, तेही चारचौघांत. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. तेव्हा सत्यभामाबाई उठली, सतरंजीवर आली, लुगडं सारखं केलं आणि उताणी निजली. हात सैल सोडले. डोळे मिटले.

"शालिग्राम," समता म्हणाली, "इकडं ये. तुले जबडा धरता येते."

तो बराच वेळ खांबाशीच उभा राहिला. मग माणसांतून वाट काढत आला आणि आईजवळ गुडघे टेकून बसला. समतानं सांगितलं तसा त्यानं तिचा पलीकडचा हात छातीवर घेतला, गुडघा दुमडला, खांद्याखाली हात घालून तिला आपल्याकडे वळवलं. म्हातारी हलकी होती. एका हातानंच वळली. तिचं तोंड जमिनीकडे झुकलं.

"असं?" त्यानं विचारलं. 

"असंच. आता तिच्या तोंडात काही घालायचं नाही. नुसतं धरून ठेवायचं."

त्यानं धरून ठेवलं.